कोऱ्या पाण्यातलं औषध

ता. ३ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. शिवणयंत्रावरून पाय काढ, गिऱ्हाईक असेल तर त्याला बसव, आणि हे पत्र दुकानातच वाचून संपव. घरी नेऊ नकोस. हे मी दर वेळी लिहिते आणि तू दर वेळी चिडतेस, तरी लिहिते.

पार्सल मिळालं. डब्यात वर दोऱ्याची रिळं आणि खाली गोळ्यांची पाकिटं, नेहमीसारखंच. इथल्या औषधाच्या दुकानात लॅबमधलं कुणीही भेटतं, तेव्हा तुझाच आधार. आमच्या पोस्टमनची खात्री झालीय की मी घरी चोरून शिवणकाम करते. परवा त्याने पँटची चेन बदलून द्याल का म्हणून विचारलं. मी म्हटलं, सध्या फार ऑर्डरी आहेत हो.

तब्येत बरी आहे. 'चक्कर' नाही. बघ, मीसुद्धा आपल्या घरातलाच शब्द वापरते. लहानपणी डॉक्टर कंटाळून म्हणायचे, "अहो बाई, चक्कर काय, हिला फिट येते, फिट म्हणा," आणि आई त्यांच्यावरच फुगून बसायची. गोळी चुकवली नाही तर काही होत नाही, आणि मी इतक्या वर्षांत एकदाही चुकवलेली नाही. तेव्हा काळजी नको.

तुझ्या लेकीचं जमलं हे वाचून मी स्वयंपाकघरात एकटीच टाळ्या वाजवल्या. आईचा फोन आला होता. आधी पोरीचं कौतुक, मग मुलाच्या घरचं कौतुक, आणि मग आवाज खाली: "लग्न होईपर्यंत तेवढं सांभाळ हो." तुझ्या लग्नाच्या वेळीही हेच म्हणाली होती. मी तेव्हा शाळेत होते आणि मला वाटलं होतं, चपला सांभाळायला सांगतेय. तुझ्या सासरी अजून कळलेलं नाही, आता लेकीच्या सासरी कळू द्यायचं नाही. मी म्हणजे तुमच्या घराण्यातलं गुपित. असो. पोरीला माझा पापा दे.

तू विचारलंस, तुझं त्या लॅबमध्ये नेमकं चाललंय काय. तुला नीट सांगते, म्हणजे पुढच्या वेळी कुणी विचारलं तर 'पाण्याचं काहीतरी' असं सांगणार नाहीस.

माणूस औषध घेतो. त्यातलं शरीर वापरतं थोडं, बाकीचं संडासातून गटारात, गटारातून नदीत आणि नदीतून परत आपल्याच नळाला. पाणी शुद्ध करणारे गाळ काढतात, जंतू मारतात, पण पाण्यात विरघळलेल्या औषधाला कुणी हात लावत नाही. ते राहतं तिथेच. अगदी कणभर असतं, पण रोजचं, आणि मासे, बेडूक, तान्ही मुलं, सगळ्यांना. माझी पावडर ते तोडते. तिचे कण इतके बारीक आहेत की साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसायचे नाहीत. काचेच्या पट्ट्यांवर तिचा थर द्यायचा, पट्ट्या पाण्यात उभ्या करायच्या आणि वर दिवा लावायचा. उजेड पडला की ती जागी होते आणि औषधाचे तुकडे तुकडे करत सुटते, शेवटी नुसता वायू आणि पाणी उरेपर्यंत. उजेड नसेल तर ढिम्म. अगदी आपल्या मोठ्या काकूसारखी, कुणी बघत असल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही.

यातलं सगळ्यात चिवट औषध कुठलं, ओळख. डब्यात रिळांच्या खाली बघ. हो, तेच. जगात कुठेही नदीचं पाणी उचला, ते सापडतं. मी सकाळी ते गिळते आणि दिवसभर त्याच्या मागे लागते. लॅबमध्ये कुणाला सांगता येत नाही म्हणून तुला सांगतेय, निदान एक माणूस तरी हसू दे.

पाणीपुरवठ्याच्या साहेबांनी शब्द दिलाय. लागोपाठ काही आठवडे शून्य दाखवा, मी माझ्या एका टाकीला तुमच्या पट्ट्या लावतो, म्हणाले. ताई, त्या एका टाकीवर पाच-सहा वस्त्या आहेत. खरोखरीची माणसं ते पाणी पितील. मी आयुष्यात आणखी काही मागणार नाही.

पण शून्य येत नाही. सगळं औषध जातं, आणि शेवटचं एवढंसं उरतंच. मी पट्ट्या बदलल्या, दिवा बदलला, उन्हातही ठेवून पाहिलं. तरी हटत नाही. आमची मशीनबाई, म्हणजे पाण्यातलं औषध मोजायचं नवं मशीन जिच्या ताब्यात आहे ती, म्हणते, "तुझी महाराणी शेवटचा घास ताटात टाकते बघ." तिच्याशिवाय या इमारतीत माझ्याशी हसून बोलणारं कुणी नाही. दुपारचा डबा आम्ही एकत्र खातो.

आमच्या लॅबचे सर म्हणतात, उन्हाळा संपेपर्यंत शून्य आलं नाही तर हे काम बंद. आवाज न चढवता म्हणतात, म्हणून जास्त भीती वाटते.

तुझी,
धाकटी


ता. २६ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. पत्र मिळालं, पोरीचा फोटोही. मुलगा बरा दिसतो, कान जरा मोठे आहेत, पण बायकोचं ऐकायला उपयोगी पडतील.

इथे फार वाईट झालंय. सरळ सांगते.

आम्ही रोजच्या बाटल्यांबरोबर एक बाटली नुसत्या शुद्ध पाण्याची भरतो. औषध नाही, पावडर नाही, काहीच नाही. तिला आम्ही 'कोरं' म्हणतो. कोऱ्याचा आकडा शून्य यायलाच हवा, नाहीतर बाकीच्या आकड्यांवर विश्वास कसा ठेवायचा? जुन्या मशीनवर ते शून्यच दिसायचं. नवं मशीन तिखट नाकाचं आहे. मशीनबाईने सहज म्हणून कोरं तपासलं, आणि त्यात औषध निघालं.

म्हणजे माझी महाराणी शेवटचा घास टाकतच नव्हती. तिने केव्हाच ताट चाटूनपुसून ठेवलं होतं. ते उरलेलं औषध बाहेरून येत होतं.

कुठून? बाटल्या आम्ही तीनदा धुतल्या. साबण बदलला, हातमोजे बदलले, शुद्ध पाण्याचं पिंप बदललं. तरी कोऱ्यात औषध. शेवटी सरांनी सगळ्यांना उभं केलं आणि मशीनबाईला विचारलं, "मशीन साफ करता का नाही?"

ती म्हणाली, "रोज करते, सर."

"मग हे काय भुताने टाकलं?"

ती भांडणारी बाई नाही. तिच्या घरी अंथरुणाला खिळलेला नवरा आहे, नोकरी जाऊन चालणार नाही. मी मध्ये बोलले, मशीनच्या बाजूने बोलले, तिच्या बाजूने बोलले, आवाज चढवून बोलले. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू वर्गात कुणी शिट्टी वाजवलीय.

मधे एक दिवस मी दात काढायला सुट्टी घेतली. एरवी कोरी बाटली मी भरते, त्या दिवशी ती मशीनबाईने स्वतः भरली. आकडा आला शून्य. ती बिचारी कागद घेऊन सरांकडे पळाली, बघा, मशीन चांगलं आहे. सर म्हणाले, एक दिवस कुणाचाही चांगला जातो.

मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. बेसिनसमोर उभी होते. पाकिटातून गोळी काढली, नखाने दोन तुकडे केले, तू शिकवलेस तसे, अख्खी गिळताना अडकते म्हणून. बोटांवर पांढरी पूड राहिली, ती मी नाइटीला पुसली. आणि तशीच उभी राहिले.

ताई, ते मीच होते. ती पूड माझ्या बोटांना, बोटांची हातमोज्यांना, हातमोजे घालतानाच बाहेरून लागते, आणि तिथून बाटलीला. ज्या औषधाला मी पाण्यातून हाकलतेय ते मी रोज हातात घेऊन आत जातेय. सगळ्या लॅबने साबणाला, मशीनला, पिंपाला नावं ठेवली. कुणी माझ्या हातांचा विचारसुद्धा केला नाही, कारण कुणाला ठाऊकच नाही की मी ते घेते.

तू म्हणशील, मग सांगून टाक. कसं सांगू? पूर्वी दिव्यांच्या खोलीत, म्हणजे जिथे मी पट्ट्या उजेडाखाली ठेवते तिथे, एक मेकॅनिक होता. त्याला जेवणाच्या सुट्टीत फिट आली. सर फार प्रेमाने वागले. गाडीने घरी पोचवलं, आणि दुसऱ्या आठवड्यात 'तुमच्याच काळजीपोटी' म्हणून त्याला आवकजावकच्या टेबलावर बसवलं. अजून तिथेच शिक्के मारतोय. त्या खोलीत विजेचा जोर आहे, काच आहे, डोळे जाळणारा उजेड आहे. सर चूक करत नाहीत हेच तर वाईट आहे. सांगितलं की माझी खोली गेली. आणि बातमी फिरत फिरत तुझ्या विहिणीच्या कानावर गेली तर आई मला जन्मात तोंड दाखवायची नाही.

तेव्हा मी माझं मी बघते. आता गोळी चमच्यात पाडून गिळते, हात लावत नाही, आंघोळ त्यानंतर करते. आकडा निम्म्यावर आला, पण शून्य नाही. औषध घामातूनही येतं म्हणे. लॅबमध्ये उकडतं किती ते तुला सांगून काय उपयोग.

पुढच्या महिन्याचं पार्सल पाठवू नकोस. इथे भरपूर साठा झालाय. उगाच पोस्टमनला कशाला त्रास.

तुझी,
धाकटी


ता. १४ एप्रिल

ताई गं,

शून्य! शून्य आलं! कोरंही शून्य आणि पट्ट्यांखालचं पाणीही शून्य! एकदा नाही, रोज येतंय! तू इथे असतीस तर तुला उचलून गोल फिरवलं असतं, कंबर मोडली तरी चालली असती.

सगळं औषध गेलं. चिवट, हट्टी, नदीनदीत मुक्काम ठोकून बसलेलं ते औषध माझ्या पट्ट्यांखाली आलं आणि संपलं. पाणीवाले साहेब स्वतः येऊन पाहून गेले. त्यांनी पट्टी हातात घेऊन उजेडात धरली आणि म्हणाले, "हिच्यात तर काहीच दिसत नाही हो!" मी म्हटलं, हीच तर गंमत आहे साहेब. असंच महिनाभर चाललं की टाकीचं काम सुरू.

अक्षर वेडंवाकडं येतंय, माफ कर. झोप नीट होत नाही, बाकी काही नाही. जीभ चहाने भाजलीय, म्हणून फोनवर बोबडं बोलले असेन, आईला उगीच शंका आली. आणि कपाळाला टेंगूळ आहे ते कपाटाचं दार लागून. वरच्या मजल्यावरच्या काकू विचारत होत्या, तुमच्या घरात सकाळी काय पडलं एवढं मोठ्याने? मी सांगितलं, पातेलं. काल बसमध्ये माझा स्टॉप कसा निघून गेला कळलंच नाही, शेवटच्या स्टॉपवर कंडक्टरने हलवून उठवलं. म्हणजे बघ किती दमते मी.

तू पत्रात एकच प्रश्न तीन ठिकाणी विचारलायस. ताई, मी आता लहान आहे का? किती वर्षं तू मला जीभ बाहेर काढून दाखवायला लावणार? साठा आहे म्हटलं ना. आहे साठा. पाकिटं डब्यात जशीच्या तशी आहेत, मोजायला येतेस का?

एक गोष्ट मात्र घशात अडकलीय.

कोऱ्यातलं औषध जायच्या आधल्याच आठवड्यात सरांनी मशीनबाईच्या हातातून मशीन काढून घेतलं आणि तिला काचसामानाच्या स्टोअरमध्ये पाठवलं. मशीनवर एक नवा माणूस बसवला. मग शून्य यायला लागलं. आता सर येईल त्या पाहुण्याला सांगतात, "हात बदलला आणि शून्य आलं. मी म्हणत नव्हतो?" काय बोलशील यावर? आकडे त्यांच्याच बाजूने बोलतात. माणूस बदलला, आकडा बदलला. मी तिथे उभी असते आणि मान हलवते. हलवतेच, ताई.

ती आता बाटल्या धुते, मोजते, फळीवर लावते. डबा खायला येत नाही. मी परवा तिच्याकडे गेले तर म्हणाली, "माझंच काहीतरी चुकत असेल गं. इतकी वर्षं केलं, पण नवं मशीन आहे, माझ्या डोक्यात नसेल शिरलं." स्वतःच्या हातांवरचा विश्वास उडालाय तिचा. बाटली फळीवर ठेवते आणि परत उचलून बघते.

एक महिना फक्त. टाकीचं काम सुरू झालं की मी सगळं नीट करीन. तिचंही करीन. कसं करीन ते विचारू नकोस.

तू म्हणशील, बाटल्या भरायला दुसऱ्या कुणाला सांग. कुणाला? ती गेली, नवा माणूस मशीन सोडून हलत नाही. आणि खरं सांगू? माझ्या पट्ट्यांना दुसऱ्याचा हात लागू द्यायला जीव होत नाही माझा. इतकी वर्षं मीच त्यांना थर दिला, मीच भाजल्या, मीच पुसल्या. मला मूल नाही, मला नवरा नाही, मला हे आहे. तू रागावशील. रागाव.

पोरीच्या लग्नाच्या साडीचा रंग कळव. आईला सांग मी मजेत आहे.

तुझीच,
धाकटी


ता. ९ मे

ताई,

हे पत्र घरी घेऊन जा. दुकानात वाचू नकोस, जेवायच्या टेबलावर उघडून वाच. का ते कळेल.

मी गोळ्या बंद केल्या होत्या. कमी नाही, बंद. तुला पार्सल नको म्हणून लिहिलं त्याच आठवड्यात. चमच्याने भागेना, आंघोळीने भागेना, तेव्हा घेणंच सोडलं. काही दिवसांनी अंगातून औषध गेलं आणि आकडा शून्य झाला. ते शून्य असं आलं होतं. तू नाचली असशील माझं ते पत्र वाचून. नसशीलही. तुला आधीच कळलं असेल, म्हणून तर तीनदा विचारलंस.

जीभ चहाने भाजली नव्हती, चावली गेली होती. कपाळावर कपाटाचं दार नाही, न्हाणीघराची फरशी लागली होती. बसमध्ये मला झोप लागली नव्हती. कंडक्टरने हलवलं तेव्हा आजूबाजूची सीट रिकामी झाली होती आणि लोक लांबून बघत होते. मी उतरले आणि तशीच कामावर गेले. कोरी बाटली भरली. मला भीती वाटत होती, पण आकडा बघायच्या वेळी त्याहून जास्त भीती आकड्याची होती. मला वेड लागलं होतं गं. याला दुसरं काही म्हणत नाहीत.

मग गेल्या आठवड्यात दुपारी दिव्यांच्या खोलीत आली. मोठी आली.

दिवा एका पेटीत असतो. पेटीचं दार उघडलं की तो आपोआप विझतो, माणूस भाजू नये म्हणून तशी सोय आहे. पण दर वेळी विझला की परत तापायला वेळ लागतो, म्हणून त्या बटणावर मी चिकटपट्टी लावून ठेवली होती. सगळेच लावतात, सर आले की काढतात. मी बाटली काढायला डावा हात आत घातला आणि पुढचं मला ठाऊक नाही. मी स्टुलावर कोसळले आणि हात आतच राहिला, त्या उजेडाखाली.

मशीनबाई धुतलेल्या बाटल्या द्यायला आली होती म्हणून वाचले. तिने आधी दिव्याचा खटका पाडला, मग मला खाली घेऊन कुशीवर वळवलं, तोंडातला फेस पुसला. माझे कपडे ओले झाले होते, ताई. तिने दार लावून घेतलं, स्वतःचा ॲप्रन माझ्या कमरेला गुंडाळला आणि बाहेर सांगितलं, पाय घसरून पडली. नवरा अंथरुणावर असलेली बाई ती, तिला काही सांगावं लागलं नाही. डॉक्टरांकडे तीच घेऊन गेली. हाताची कातडी कोपरापासून मनगटापर्यंत सोलून निघालीय. भरून येईल म्हणतात.

डॉक्टर ओरडले. "गोळ्या अशा एकदम बंद करतं का कुणी? मेला असतात!" तिच्यासमोरच ओरडले. कुठल्या गोळ्या, तेही तिच्यासमोरच बोलले. नाव ऐकलं आणि तिने माझ्याकडे पाहिलं.

ती मूर्ख नाही. त्या औषधाची उंच टोकदार रेघ मशीनच्या पडद्यावर रोज पाहिलीय तिने. क्षणात तिला सगळं कळलं. मला वाटलं, रडेल, जवळ घेईल. ती उठली, पिशवी उचलली आणि दारापाशी जाऊन म्हणाली, "मी रात्र रात्र विचार करत होते, माझं काय चुकलं. तुला माहीत होतं. तू माझ्यासमोर बसून माझं ऐकत होतीस." आणि गेली. तेव्हापासून तीन दिवस मला कळत नव्हतं की मी जगले ते बरं झालं का.

चौथ्या दिवशी ती घरी आली. बसली नाही, पाणी घेतलं नाही. म्हणाली, "गोळ्या चालू केल्यास?" मी म्हटलं, हो, डॉक्टरांनी त्याच दिवशी चालू केल्या. म्हणाली, "मग सगळ्यांसमोर हात बुडव."

ती म्हणत होती ते असं. कोरं पाणी एका भांड्यात घ्यायचं. सरांसमोर, पाणीवाल्या साहेबांसमोर, त्या नव्या माणसासमोर मी त्यात माझे दोन्ही हात बुडवायचे. रोजच्यासारखी सकाळी गोळी घेऊन आलेले हात. आणि हात बुडवायच्या आधीचं आणि नंतरचं पाणी तिने सगळ्यांसमोर मशीनवर लावायचं. नुसतं तोंडाने सांगितलं तर सर म्हणतील, मैत्रिणीला वाचवतेय. आकड्याने गेलेलं आकड्यानेच परत यायला हवं, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, माझी खोली जाईल. ती म्हणाली, "माझी गेली की."

दुसऱ्या दिवशी मी सरांना निरोप धाडला, सगळ्यांना एकदा मशीनपाशी जमवा.

पावडर चांगली आहे, ताई. हे कुणीतरी लक्षात ठेवा. ती पहिल्यापासून सगळं औषध तोडत होती, तिच्यावर ठपका माझ्या हातांनी ठेवला. आता दुसरं कुणीतरी त्या बाटल्या भरेल, शून्य येईल, टाकीला पट्ट्या लागतील. त्या वस्त्यांमधल्या बायका नळ सोडतील आणि घागरी भरतील, त्यांना काही कळणारही नाही, आणि हेच मला हवं होतं. फक्त मी तिथे नसेन. कुठल्यातरी टेबलावर शिक्के मारत असेन. त्या मेकॅनिकच्या शेजारी एक खुर्ची रिकामी आहे, मी पाहून ठेवलीय.

तुला मागणं एकच आहे. तुझ्या सासरी आजच सांग, आणि पोरीलाही सांग, मुलाच्या घरी तिने स्वतः सांगावं. हे सरांच्या कॅबिनमधून बाहेर पडलं की गावभर व्हायला वेळ लागणार नाही. तुझ्या सासूबाईंनी ते बाजारात ऐकण्यापेक्षा तुझ्या तोंडून ऐकावं. म्हणावं, माझ्या बहिणीला फिट येते. एवढंच वाक्य आहे. मी ते आरशासमोर म्हणून पाहिलं, पहिल्या वेळी नाही जमत, तिसऱ्या-चौथ्या वेळी जमतं. लग्न मोडलं तर? मला ठाऊक नाही गं. मोडलं तर मी कुणाला तोंड दाखवू? पण मोडू नये म्हणून मी ते औषध परत सोडू शकत नाही. एकदा सोडून पाहिलं. मी मरता मरता राहिले, आणि माझ्यासाठी दुसऱ्या बाईच्या हातून तिचं मशीन गेलं.

आईला काय सांगायचं ते तूच ठरव. तिने जे केलं ते माझ्यासाठीच केलं असं मी इतकी वर्षं समजत आले. आज तेही धड समजता येत नाही.

हे मी लॅबच्या पायरीवर बसून लिहितेय. सकाळी गोळी घेतली, नखाने तोडून, बोटांनी उचलून, आणि हात धुतले नाहीत. आत सगळे जमलेत. मशीनबाईने भांडं पुसून ठेवलंय, मी खिडकीतून पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

इतकी वर्षं रोज सकाळी मी एकच मागत आले, की आकडा शून्य यावा. आज मी देवाच्या हातापाया पडतेय की मोठा येऊ दे. डोळे दिपतील एवढा मोठा येऊ दे. आला की मी गेले, आणि नाही आला तर ती गेली. तरी येऊ दे.

बोलावतायत. जाते.

तुझी बहीण, उघड्या हातांनी